धावताना सुरू झालेलं दुखणं हटत नसेल तर: कुणाला दाखवायचं, काय विचारायचं, किती थांबायचं

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मराठवाड्यातली मैदानं पहाटे साडेचारलाच गजबजतात. मैदान नसेल तिथं बायपास असतो, तलावाची पाळ असते, नाहीतर शेताकडं जाणारा मुरमाचा रस्ता. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलांना १६०० मीटरचे २०, मुलींना ८०० मीटरचे २०, वर दोघांनाही १०० मीटरचे १५. म्हणजे ३५ गुण पायांच्या भरवशावर. मग दोन-तीन महिन्यांत कुणाची नडगी, कुणाची टाच, कुणाचा गुडघा कुरकुरायला लागतो. आधी बाम, मग क्रेप बँडेज, मग मेडिकलवरची गोळी, मग गल्लीतल्या डॉक्टरची सुई, मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य. ग्राउंड, म्हणजे भरतीची शारीरिक चाचणी, आठ दिवसांवर आलं की घाबरून हाडांच्या डॉक्टरकडे धाव. हा क्रम उलटा आहे. सुलटा कसा असावा ते इथं सांगतो. भरतीची पोरं डोळ्यांपुढे आहेत, पण हौसेनं दहा किलोमीटर धावणाऱ्या चाळिशीतल्या शिक्षकांना आणि बँकवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

दुखणं खरंच जुनं झालंय का?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला आणि त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. अशी एका झटक्यात झालेली दुखापत लपत नाही. माणूस उचलून दवाखान्यात नेतात. इथं विषय आहे तो हळूहळू चढणाऱ्या दुखण्याचा. ते कधी सुरू झालं हेच धड सांगता येत नाही, म्हणून त्याकडं दुर्लक्षही होतं.

दोन खुणा बघा. धावणं निम्म्यावर आणून दोन आठवडे झाले तरी दुखणं हटत नाही, ही एक. दुसरी जास्त फसवी: थांबलं की दुखणं जातं, सुरू केलं की त्याच जागी, साधारण त्याच अंतरावर परत येतं. आरामानं बरं वाटतं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि असे तीन-चार फेरे झाले की अख्खा हंगाम गेलेला असतो. दुसऱ्या फेऱ्यालाच दाखवा.

दोन आठवडेही थांबायचं नाही अशा वेळा

जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात खोल दुखतंय आणि पाय टेकला की वाढतंय, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि लवकरात लवकर हाडांचा डॉक्टर. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या निमुळत्या भागाला, ताणाची चीर असू शकते; सततच्या भारानं हाडाला पडणारी बारीक भेग ती. ती पूर्ण मोडली तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. नडगीच्या समोरच्या कडेवर मध्यावर, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, किंवा करंगळीकडच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल तर तेही टाळू नका. या जागांची हाडं हट्टी. भरायला वेळ घेतात आणि दुर्लक्ष केलं तर मोडतात.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, कारण नसताना आलेली सूज, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं ही धावण्याची दुखणी नव्हेत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या गुडघ्याजवळ अशी सूज आणि रात्रीचं दुखणं असेल तर 'वाढीचं वय आहे' म्हणून सोडू नये; एक्स-रे काढून घ्यावाच. हाडाचा क्षय आणि गाठ या दोन्ही शंका आधी मिटवाव्या लागतात. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, पाऊल वर उचलता येत नसेल, किंवा पायावर चार पावलंही भार देता येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक, जे सहसा कुणी विचारत नाही. पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा, टाच दुखते, सोबत कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, हालचाल केली की सुटते आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर हे सांध्यांच्या वाताचं लक्षण असू शकतं. अशा वेळी टाचेसोबत कंबरेचंही डॉक्टरला आवर्जून सांगा. नाहीतर टाचेवर उपचार होत राहतात आणि मूळ आजार तसाच.

जाण्याआधी आठवडाभर वही

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यात 'लई दिवसांपासून दुखतंय' एवढंच सांगितलं तर समोरचाही तितकंच मोघम औषध देणार. रोज दोन ओळी लिहा. कशा, तर अशा:

सोमवार. मैदानात चिखल, म्हणून बायपासवर ४ किमी. तिसऱ्या किलोमीटरला उजवी नडगी आतून, १० पैकी ४. रात्री जिना उतरताना २.
मंगळवार. धावलो नाही. सकाळी पहिली पावलं टाकताना ३, तासाभरात गेलं.
बुधवार. १०० मीटरचे सहा स्टार्ट, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून. तेव्हा काही नाही, रात्री ५.

एवढ्यावरून जाणकाराला खूप कळतं. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेखाली कळ म्हणजे तळव्याच्या पडद्याचं दुखणं. टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी (अकिलीस), सकाळी आखडते, धावताना मोकळी होते आणि नंतर परत धरते. गुडघ्याच्या वाटीचं दुखणं जिना उतरताना, उकिडवं बसताना आणि एसटीत तासभर पाय दुमडून बसल्यावर जास्त. दर वेळी ठरावीक मिनिटांनी पोटरी दगडासारखी ताठते, पावलाला मुंग्या येतात, थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं, तर तो स्नायूंच्या कप्प्यातला दाब असू शकतो. तो बसून केलेल्या तपासणीत सापडत नाही, तुमच्या सांगण्यावरूनच सापडतो.

वहीच्या पहिल्या पानावर दुखणं सुरू होण्याआधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं तेही लिहा. बहुतेकांचं उत्तर तिथंच असतं: जाहिरात आली आणि आठवड्याचे दहा किलोमीटर एकदम तीस झाले. काळ्या मातीतून डांबरावर आलो. सरांनी एका पायावरच्या उड्या सुरू केल्या. रोजे किंवा नवरात्रीचे उपवास चालू असताना सराव तसाच ठेवला. मुलींनी पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर ते नक्की लिहावं. कमी खाणं, जास्त धावणं आणि चुकलेली पाळी या तिन्हींचा हाडाच्या चिरेशी थेट संबंध आहे, आणि डॉक्टरनं नाही विचारलं तरी आपण सांगायचं. बरोबर आई असली आणि बोलायला संकोच वाटला तर वहीचं पान पुढं करा.

बुटांचा जोड सोबत न्या, झिजलेला असला तरी, किंबहुना झिजलेला असेल तर नक्कीच. बूट बदलला की दुखणं जाईल ही आशा दुकानदाराला फार आवडते. माझ्या मते बुटांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त दोष मिळतो. पण बघायला काय हरकत आहे.

कुणाकडे?

पहिली भेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे, म्हणजे एम.एस. (ऑर्थो) किंवा डी.ऑर्थो. असलेल्या डॉक्टरकडे. हाडाला चीर आहे का, दुसरा काही आजार आहे का, हे ठरवणं त्यांचं काम. तिथं गंभीर काही नाही असं ठरलं की खरं काम फिजिओथेरपिस्टचं. काही जण थेट फिजिओकडे जातात. वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर त्यातही वावगं नाही. क्रीडावैद्यक शिकलेला डॉक्टर जवळ मिळाला तर उत्तमच, पण मोठ्या शहरांबाहेर तशी आशा धरून बसू नका.

सरकारी वाट कमी लेखू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथं मोफत आहे का ते आधी विचारा: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख. तिथं अस्थिरोग विभाग मोठा असतो. सकाळी लवकर पोचा आणि आपल्याला तपासलेल्या युनिटचा (डॉक्टरांच्या गटाचा) ओपीडीचा वार केसपेपरवर लिहून घ्या. नाहीतर पुढच्या खेपेला वेगळेच डॉक्टर भेटतात आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सुरू. फिजिओसाठी संभाजीनगरात एमजीएमचं आणि लातुरात महाराष्ट्र इन्स्टिट्यूटचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकाऊ मुलं तपासतात म्हणून नाक मुरडू नये. ती वेळ देतात आणि वर शिक्षकाची नजर असते.

खासगी फिजिओकडे जाताना पाटीवर बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. ही फिजिओथेरपीची पदवी आहे का बघा. एम.पी.टी.मध्ये मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू) किंवा स्पोर्ट्स हा विषय असेल तर आणखी चांगलं. चार दिवसांचा मसाजचा किंवा सुया टोचण्याचा कोर्स करूनही लोक पाटी लावतात. नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे असते. नंबर विचारला तर खऱ्या माणसाला राग येत नाही.

हाडवैद्याबद्दल घराघरात श्रद्धा आहे आणि आजी-आजोबांशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. एवढंच पाळा: हाडाला चीर नाही हे कळेपर्यंत कुणालाही ती जागा जोरानं चोळू, ओढू किंवा झटका देऊ द्यायची नाही.

तपासणीच्या खोलीत

अर्धी चड्डी घालून जा. जीन्स वर सरकवून नडगीची तपासणी होत नाही.

चांगली तपासणी ओळखता येते. नडगीचं उदाहरण घ्या. डॉक्टर अंगठ्यानं घोट्याच्या वरून हाडाची आतली कड चाचपत गुडघ्याकडे जातात. बोटभर, वीतभर पट्ट्यात सगळीकडेच दुखतं, की एका बिंदूवर बोट आलं की पोरगं टेबलवरून उडतं? 'इथंच का रे? परत दाबू?' एवढ्या दोन प्रश्नांवर पुढची दिशा ठरते. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर बहुधा हाडाच्या आवरणाची जळजळ, ज्याला मैदानावर शिन स्प्लिंट म्हणतात. एकच बिंदू असेल तर चिरेची शंका. मग एका पायावर उभं करतात, अर्धवट बैठक मारायला लावतात, चवड्यावर वर-खाली किती वेळा होतं ते दोन्ही पायांचं मोजतात. कंबर, खुबा आणि दुसरा पायही बघतात. हात न लावता, टेबलापलीकडून चिठ्ठी लिहिली गेली असेल तर नम्रपणे म्हणा, 'सर, नेमकं कुठं दुखतंय ते दाखवू का?'

निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारायच्या. दुखण्याचं नाव काय? धावणं पूर्ण बंद की कमी, आणि सायकल, पोहणं, चालणं चालेल का? किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? तोपर्यंत नाही दिसला तर पुढं काय? उत्तरं वहीत तिथंच लिहा. 'गॅप आलाय', 'शीर दबलीय', 'कॅल्शियम कमी आहे' ही निदानं नाहीत. त्यापुढं 'म्हणजे नेमकं कशामुळं?' हे विचारायचा हक्क फी देणाऱ्याला आहे, आणि केसपेपर काढणाऱ्यालाही आहे.

एक्स-रे नॉर्मल आला तरी

ताणाची चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही. दिसते ती नंतर, हाड भरायला लागून तिथं नवा थर चढला की. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल, पळ बिनधास्त' हा निष्कर्ष चूक. बिंदूवर दुखत असेल तर दोन मार्ग: चीर आहे असं धरून धावणं थांबवायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, नाहीतर एमआरआय. एमआरआय चीर लवकर दाखवतो, पण खर्च हजारांत जातो. तेव्हा सरळ विचारा: 'रिपोर्टनं उपचार बदलणार आहे का?' जांघेच्या दुखण्यात उत्तर हो असतं, तिथं खर्च करा. गुडघ्याच्या वाटीच्या साध्या दुखण्यात बहुधा नाही. उलट तिशी-चाळिशीतल्या गुडघ्याचा एमआरआय काढला की काही ना काही झिजलेलं लिहून येतंच, आणि दुखण्याशी त्याचा संबंध नसला तरी माणूस त्या कागदाला घाबरून धावणं सोडतो. टाचेमागच्या शिरेसाठी सोनोग्राफी स्वस्त आणि पुरेशी.

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व, आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघायला सांगू शकता. आपल्याकडं ऊन भरपूर, पण दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांत ड कमी सापडणं नवलाचं नाही.

गोळ्या आणि सुया

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या चार-पाच दिवस डॉक्टरनं दिल्या तर घ्या. गोळी घेऊन धावू नका. दुखणं झाकलं जातं, चीर वाढत राहते. शिवाय एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीपार असताना, घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात ही औषधं मूत्रपिंडाला मार देतात. स्टिरॉइडची सुई टाचेमागच्या शिरेत किंवा तिच्या जवळ घेऊ नये. शीर तुटू शकते. कोणीही 'एक इंजेक्शन, परवा ग्राउंडवर' म्हणाला तर औषधाचं नाव लिहून मागा. ताप-जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं असेल आणि त्यानंतर टाचेमागं दुखायला लागलं असेल, तर तेही डॉक्टरला सांगा. या औषधांनी शिरांना इजा होते हे माहीत आहे.

फिजिओचे बारा आठवडे

इथंच बहुतेक जण गळतात. रोज शेक, रोज मशीन, दहा दिवसांचं पॅकेज, बरं वाटलं, परत धावले, परत दुखलं. मशीननं तात्पुरतं हलकं वाटतं, पण पोटरी त्यानं ताकदवान होत नाही. सवय नसलेला भार आला म्हणून दुखणं आलं, तर भार पेलण्याची ताकद वाढल्याशिवाय ते कसं जाईल? फिजिओनं पहिल्या-दुसऱ्या भेटीत व्यायाम शिकवला नाही, लिहून दिला नाही आणि करून घेतला नाही, तर फिजिओ बदला.

गेवराई किंवा औसा तालुक्यातल्या गावातून रोज शहरात येणं परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. मुलींना आणि महिलांना मार्च २०२३ पासून एसटीचं तिकीट अर्धं झालंय, तरी दिवस जातोच. पण रोज यायची गरजच नाही. पहिल्याच दिवशी सांगा: 'मॅडम, मी पंधरा दिवसांतून एकदा येऊ शकतो, घरी करता येईल असं द्या.' व्यायाम करताना मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. टाचेमागच्या शिरेसाठी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून सावकाश वर-खाली, पंधराचे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या दप्तरात भरतीची पुस्तकं भरायची. घराच्या उंबऱ्यावर हे होतं. व्यायामात थोडं दुखलं, १० पैकी ३ पर्यंत, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर चालतं. दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर भार कमी करा. हाडाच्या चिरेला मात्र ही सूट नाही. तिथं दुखता कामा नये.

काळ किती? शिरेच्या दुखण्याला बारा आठवडे हा साधारण हिशेब, कधी जास्तही. नडगीच्या आतल्या बाजूची साधी चीर सहा ते आठ आठवडे धावण्याविना. सहा आठवडे नेमानं व्यायाम करून वहीतले आकडे हललेच नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. जुनी फाइल, एक्स-रे आणि वही सोबत न्या. पहिल्या डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून फाइल घरी ठेवणारे खूप आहेत. त्यानं फक्त तपासण्यांचा खर्च दुप्पट होतो.

अकॅडमीतल्या सरांना काय सांगायचं

'दुखतंय' म्हटलं की 'नाटकं करू नको' ऐकावं लागतं, म्हणून पोरं लपवतात. डॉक्टरकडून एक ओळ लिहून आणा: इतके आठवडे धावणं आणि उड्या बंद, गोळाफेक, वरच्या अंगाचा व्यायाम, सायकल चालेल. गोळाफेकीचेही १५ गुण आहेतच, तो वेळ तिकडं लावा. कागद हातात असला की बहुतेक सर ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्याकडं फी भरलीय म्हणून हाड मोडून घेण्याची गरज नाही. ग्राउंडची तारीख जवळ आली असेल तर डॉक्टरला ती तारीख सांगूनच सल्ला मागा. टाचेचं किंवा गुडघ्याचं दुखणं सांभाळून एक दिवस धावता येणं शक्य असतं. जांघेची चीर घेऊन ते शक्य नसतं, आणि तिथं ती भरती सोडावी लागते.

परत धावायला लागताना

आधी अर्धा तास भरभर चालणं, सलग आठवडाभर, दुखल्याशिवाय. मग दुखऱ्या पायावर एकट्यानं चवड्यावर वीस-पंचवीस वेळा उठता येतंय का, दुसऱ्या पायाच्या बरोबरीनं? त्याच पायावर जागच्या जागी दहा उड्या दुखल्याशिवाय? दोन्ही जमलं तर एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ-दहा फेरे, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याची मिनिटं थोडी वाढवायची, चालण्याची कमी करायची. सलग वीस-पंचवीस मिनिटं जमेपर्यंत घड्याळ लावून १६०० मीटर धावायचं नाही. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. मैदान मऊ असेल तर तिथं, नसेल तर डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी, फक्त उतार एकाच बाजूला नसावा. १०० मीटरचे स्टार्ट सगळ्यात शेवटी, आणि स्पाइक्स त्याच्याही नंतर.